तिसऱ्या गल्लीतली मोकळी जागा

“हॅलो?… हां, बोल… अगं मोठ्यानं बोल, मशीन चालू आहे… थांब, बंद करते… हां. आता बोल. बसवलंस का तिला?”

तिसऱ्या गल्लीतल्या खोलीत शिलाई मशीन थांबलं. मशीनवर बसलेली बाई शाळेची दप्तरं शिवायची, दिवसाला चाळीस, आणि उरलेल्या वेळात वस्ती चालवायची. वस्ती समितीची सेक्रेटरी झाल्यापासून सगळे तिला सेक्रेटरीच म्हणत. नवरासुद्धा म्हणे, फक्त जेवायला वाढताना नाही. फोन तिच्या धाकट्या बहिणीचा होता. धाकटी वॉर्ड ऑफिसात चहा करायची, म्हणजे ऑफिसातली कुठलीही गोष्ट साहेबांच्या आधी तिला कळायची.

“कधीपासून?… दोनपासून? शाब्बास गं बाई. कितवा चहा?… पाचवा! अगं, आठवडाभर डोळ्याला डोळा लागायचा नाही तिच्या… नाही, नाही, देत राहा. काय बोलतेय?… गप्प? भंगारवाली मावशी गप्प बसलीये? मग नक्की बरं नसणार तिला… हो, पाचला हरकतीची खिडकी बंद. पाचपर्यंत तेवढी सांभाळ. उठायला लागली की बिस्कीट पुढे कर.”

आता हे ऐकून कुणाला वाटेल की सेक्रेटरी म्हणजे मोठी कारस्थानी बाई. तशी ती नव्हती. तिला फक्त टाकी हवी होती. वस्तीला पाण्याची टाकी हवी म्हणून तिनं अकरा वर्षं अर्ज केले होते आणि त्या अर्जांची पोच एका पिशवीत जपून ठेवली होती. या वर्षी एकदम सरकारचं धोरण बदललं. आता म्हणे सगळं लोकांनीच ठरवायचं. वस्तीनं आपली घरं आपण मोजायची, आपला नकाशा आपण काढायचा, टाकी कुठे बसवायची तेही आपल्या सभेत आपणच ठरवायचं. साहेबांनी फक्त शिक्का मारायचा. वस्तीनं तसं केलं. नकाशा झाला, सभा झाली, आणि मग तो नकाशा वॉर्ड ऑफिसच्या व्हरांड्यात सात दिवस टांगला, कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून.

इथेच घोडं अडायची भीती होती. एक जरी हरकत आली तरी सगळा नकाशा परत. पुन्हा मोजणी, पुन्हा सभा, आणि टाकी पुढच्या वर्षावर. म्हणून सेक्रेटरी आठवडाभर दारोदार फिरली. सात नंबरचं घर नकाशात अर्धंच आलं होतं. एकोणीस नंबरवाल्याचं दार भलत्याच गल्लीत उघडत होतं. एका आजीच्या घराचा नंबर तिच्या सुनेच्या घरावर पडला होता, त्यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं. सेक्रेटरीनं सगळ्यांना एकच सांगितलं, सध्या गिळा, टाकी येऊ द्या. सगळ्यांनी गिळलं. एकतीस नंबरच्या भंगारवाल्या मावशीनं नाही गिळलं. तिची मुलगी दोन पोरं घेऊन सासरहून कायमची परत आली होती आणि आईच्या घरात पत्र्याचा आडोसा करून राहत होती. मावशीला ते वेगळं घर म्हणून मांडून हवं होतं. मोजणीच्या वेळी सेक्रेटरीनं वहीत ‘पत्र्याची शेड’ असं लिहिलं होतं आणि ती पुढच्या दारी गेली होती. आज शेवटचा दिवस. दुपारी मावशी ठेवणीतलं पातळ नेसून बसमध्ये चढताना दिसली, तशी सेक्रेटरीनं धाकटीला फोन लावला.

“काय?… राजी झाली? खरंच?… हरकत घेत नाही म्हणाली? स्वतःच्या तोंडानं?… काय सांगितलंस तू तिला?… ‘म्हाताऱ्या बायका डोक्यावर हंडे घेऊन किती वर्षं फिरणार’… हो, ते माझंच आहे, सभेतलं… आणि फॉर्म? फॉर्म कुठाय?… पुडी? कसली पुडी?… बिस्किटं बांधून घेतली नातवंडांना. हरकतीच्या फॉर्ममध्ये… नाही, हसत नाहीये मी. फार चांगलं झालं.”

ती हसत होती. गेल्या सात दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. समोर कापलेल्या कापडाचा ढीग होता, त्यातला एक तुकडा उचलून तिनं कपाळ पुसलं.

“चल, म्हणजे शून्य हरकती. ठेवते मी, चौदा दप्तरं बाकी आहेत… काय? कशाला?… बघ ना मग, बघायलाच टांगलाय… माझं घर? तिसऱ्या गल्लीत बघ. डावीकडून… जाऊ दे, तुला डावीकडून कळायचं नाही. दिव्याचा खांब सापडला का?… हां. त्याच्या पुढे… सेहेचाळीस म्हणजे इस्त्रीवाला. त्याच्या पलीकडे मी… नाही, सत्तेचाळीस किल्लीवाले काका. त्या दोघांच्या मधे मी… मधे बघ… अगं नीट बघ… चष्मा लाव… मग साहेबांचा घे, टेबलावरच असतो त्यांचा.”

चष्मा आणून होईपर्यंत तिनं मशीनच्या सुईत दोरा ओवला.

“हां, सापडलं?… मोकळी म्हणजे?… काय लिहिलंय ते वाच. अंदाजानं नको, एकेक अक्षर वाच… ‘मोकळी जागा’… आणि त्याच्या खाली?… परत वाच… ‘नियोजित टाकी’.”

सेक्रेटरीनं मान वर करून घर पाहिलं. दहा बाय बाराची खोली. भिंतीला लावून पलंग, पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत अकरा वर्षांच्या पोचपावत्यांची पिशवी. कोपऱ्यात गॅस, त्याच्यावर दुपारचं झाकून ठेवलेलं पातेलं. खुंटीला नवऱ्याचा शर्ट, खाली पोरांच्या तीन चपला, चौथी कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळं होतं तिथेच होतं.

“थांब, फोन ठेवू नको. वही काढते… हां… चव्वेचाळीस, पंचेचाळीस. सेहेचाळीस, इस्त्रीवाला, माणसं पाच. सत्तेचाळीस, किल्लीवाले, माणसं दोन…”

तिनं पान उलटलं. परत मागे आणलं. वही उलटी धरून झटकली, जणू काही घर त्यातून खाली पडणार होतं.

“नाही गं, कुणी मुद्दाम नाही केलं… नाही, साहेबांनी नाही, कशाला त्यांना बोलतेस… मीच. मीच मोजलं ना… अगं ऊन होतं मरणाचं. सेहेचाळीस लिहिलं, आपल्याच घरात शिरले, तांब्याभर पाणी प्यायले, बाहेर आले आणि सत्तेचाळीसला गेले… आता स्वतःच्या दारात उभं राहून कोण विचारतं, काय हो बाई, तुमच्यात किती माणसं?”

धाकटी काय म्हणाली कोण जाणे. सेक्रेटरीनं डोळे मिटून ते पुरतं ऐकून घेतलं.

“हो, एकशे बारा घरं बरोब्बर मोजली. माहितीय मला… सभेत? सभेत नकाशा मीच धरला होता. उभी राहून, दोन्ही हातांनी, लोकांकडे तोंड करून… अगं धरणाऱ्याला काय दिसतं? मागून पांढरा कागद दिसतो… लोकांचं काय, आले, आपापला नंबर शोधला, सापडला, जाऊन बसले. मग ऑफिसातून आलेले नकाशेवाले साहेब म्हणाले, इथे मोकळी जागा दिसते, टाकी इथे चालेल का? सगळ्यांचे हात वर. आपल्या दारात येत नाही ना टाकी, मग चालेल… मी? माझे हात अडकले होते. मी मान हलवली… हो, धरली ती मान त्यांनी. ‘ठराव एकमतानं मंजूर’ असं मीच लिहिलंय. लाल पेननं. खाली दोन रेघा मारल्यात.”

भिंतीपलीकडे इस्त्रीवाल्याची इस्त्री आपटत होती. एरवी त्या आवाजाचा तिला वैताग यायचा. आज तिला वाटलं, आपटू दे बिचारा.

“सोमवारी. सोमवारी खड्डा घेणार… सोळा बाय सोळा… अगं माझं घर दहा बाय बारा आहे, इस्त्रीवाल्याचा ओटाही जाईल त्यात… ठेकेदार कशाला थांबेल? त्याच्या कागदावर मोकळी जागा आहे… नाही, तोंडी सांगून नाही भागत. आज पाचला नकाशा पक्का झाला की जे घर त्यात नाही ते नंतर घुसवलेलं. पाडायचं. मीच वाचून दाखवलाय हा नियम, दारोदार. घरं वाढवायची नाहीत म्हणून… हो, मीच. सगळं मीच, कळलं मला. किती वेळा म्हणशील? जा, खिडकीवरच्या भाऊंना विचार. धर, धर, फोन चालू ठेव. मी थांबते.”

घड्याळात चार पस्तीस झाले होते. फोनमधून व्हरांड्यातली गडबड येत होती, कुणीतरी खोकत होतं, लांब कुठेतरी खुर्ची सरकली. सेक्रेटरी वाट पाहत बसली आणि तिच्या मनात नको ते आलं. टाकीचं एवढं काही नाही, असं आलं. म्हणजे पाण्याचं एवढं काही नाही, आणखी एक वर्ष भरू की टँकरवर, पण माझं घर. अकरा वर्षांत टाकीबद्दल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही.

“हां, बोल. काय म्हणाले भाऊ?… घेता येते. बरं. कुणाला?… नकाशात ज्याच्या घराला नंबर आहे त्यालाच… आणि ज्याचं घरच नकाशात नाही, त्यानं?… त्यानं आपला नंबर लिहायचा. कुठला नंबर?… ओरडू नको त्यांच्यावर. ते बिचारे नियम सांगतायत… तू नाही घेऊ शकत, तू आमच्या वस्तीतली नाहीस… आत्ता निघाले तरी साडेपाच वाजतील. आणि आणू कुणाला? सगळी वस्ती कामावर आहे गं, बायाही टँकरच्या वेळेलाच परततात, पावणेपाचला घरात कोण असतं, मी आणि इस्त्रीवाला… तो? त्याच्या अंगाखाली कोळसे पेटवलेस तरी तो इस्त्री खाली ठेवणार नाही. आणि ठेवली तरी बस तीच ना.”

तिनं वही मिटून मशीनवर ठेवली.

“…हो. माहितीय मला बाकावर कोण बसलंय… नाही. नाही म्हणजे नाही… अगं कुठल्या तोंडानं सांगू? आठवडाभर तिच्या उंबऱ्यावर बसून मीच तिला… आणि टाकी गेली ना मग. एकशे बारा घरांची टाकी माझ्या एका खोलीपायी… हो, मलाही घर लागतं… पोरं आहेत, माहितीय… तू माझी बहीण आहेस म्हणून तुला असं वाटतं… हो बाई, हो. घेते. रडू नको तू. तू रडलीस तर मला सुचायचं नाही… दे. दे तिला फोन. आणि तिथून हलू नको.”

तिनं पदर सारखा केला. फोनवर दिसत नसतं हे तिला माहीत होतं, तरी केला.

“नमस्कार मावशी… हो, मीच… चहा झाला?… हो का, बरं बरं… मावशी, मी काय म्हणते, तुम्ही हरकत घ्यायला गेला होतात ना… नाही हो, रागवायला नाही केला फोन. मी म्हणते, घ्या… हरकत. घ्या… हो, मीच बोलतेय, सेक्रेटरी… अहो हक्क आहे तुमचा. लोकांनीच तर ठरवायचंय सगळं… गिळा म्हणाले होते? म्हणाले असेन… हो, सभेत… दारातही… हंडे? हंडे आहेतच हो, हंडे कुठे जातायत… नाही, माझी तब्येत ठणठणीत आहे… कुणी धमकी नाही दिली मला… मावशी, कुणी शेजारी उभं नाहीये माझ्या!”

मावशी चाळीस वर्षं भंगार घेत होती. डबा हातात घेतला की आत गंज आहे का नाही ते तिला वजनावरून कळायचं. गोड बोलणारा माणूस तर तिला पहिल्या शब्दाला कळायचा.

“बरं, ऐका. खरं सांगते… तुम्हाला दोनपासून तिथे चहा कोण पाजतंय?… ती माझी बहीण आहे. सख्खी. मीच सांगितलं होतं तिला, तुम्हाला बसवून ठेव म्हणून… हो, पाचही चहा… बिस्किटंही… बोला. बोला, ऐकतेय मी… हो… हो, बरोबर आहे… हेही बरोबर आहे… मावशी, माझ्या आईला मधे आणू नका, बाकी काय ते बोला… हो. लबाडीच केली. टाकीसाठी केली, पण केली.”

चार बेचाळीस.

“मावशी, उरलेलं घरी येऊन बोला, मी दारातच बसते. पण आत्ता खिडकीवर जा… का म्हणजे…”

तिला वाटलं होतं हे सांगणं सोपं जाईल, कारण धाकटीशी बोलून झालं होतं. सोपं गेलं नाही.

“माझं घर नाहीये नकाशात… माझं… राहिलं. मोजायचं राहिलं… अहो मोजणारी मीच ना, म्हणून… टाकी? टाकी तिथेच येतेय.”

 फोनमध्ये मावशी हसायला लागली. भंगारवाल्यांना आवाज गल्लीच्या टोकाला पोचवायची सवय असते. सेक्रेटरीनं फोन कानापासून वीतभर लांब धरला. पलीकडची इस्त्री आपटायची थांबली. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत बसून राहिली.

“झालं?… नाही, हसा, पण जरा आवरतं घ्या… हो, सेक्रेटरीचंच घर… हो, सगळ्या वस्तीच्या दारांवर खडूनं नंबर टाकत फिरले आणि स्वतःचंच… सांगा ना, सगळ्यांना सांगा, मी कुठे नको म्हणते. पण आधी खिडकी… अट? घाला… मुलीचं… वेगळं घर म्हणून…”

सेक्रेटरीनं तोंडावर हात ठेवला. हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर पुरेसं होतं.

“मावशी, वेगळं घर म्हणजे वेगळी चूल, आणि चूल एकच आहे तुमची. मी बघितलीये… हो, गळ्याशी आलंय माझ्या. तरी चूल एकच आहे… आज मी हो म्हणाले तर उद्या सात नंबरवाला येईल, एकोणीसवाला येईल, त्यांना काय सांगू? मला गरज होती म्हणून मावशीचं घर फोनवर वाढवलं?… नका घेऊ मग हरकत… नाही, रागानं नाही म्हणत. नाही जमत मला, तेवढंच.”

बोलली आणि त्याच क्षणी तिला शब्द परत घ्यावेसे वाटले. काय मोठी लागून गेली होती ती! पोरं शाळेतून यायची होती, नवरा पाळी संपवून सातला येणार होता, आणि ही तत्त्वं सांगत बसली होती. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

“मावशी?… आहात ना?… एक सांगू का. मी मोजायला आले होते ना, तेव्हा मी तुम्हालाच विचारलं. तुमची मुलगी पडद्यामागे होती. पाय दिसत होते मला तिचे. तिला नाही विचारलं मी… वेळ नव्हता… वेळ होता, मावशी. विचारलं नाही… पत्र्याची शेड लिहून मोकळी झाले. आत माणूस उभं होतं आणि मी शेड लिहिलं… नवी मोजणी झाली ना, तर तिलाच विचारेन. दार कुठलं, चूल कुणाची, तीच सांगेल. ती सांगेल तेच लिहून सभेपुढे ठेवेन, पुढचं सभा ठरवेल… एवढंच. याच्यावर एक अक्षर जास्त नाही देता येत मला… मावशी?… हॅलो?… मावशी, बोला ना काहीतरी!”

फोनमध्ये खसखस झाली आणि धाकटीचा श्वास ऐकू आला.

“कुठे गेली?… उठली? आणि कुठे निघाली, बस स्टॉपवर?… खिडकीकडे! धाव, धाव तिच्यामागं. नवा फॉर्म माग, आधीच्यात बिस्किटं आहेत… तिला लिहिता येत नाही, तू लिही, अंगठा तिचा… भाऊ काय म्हणतायत?… एका घराची एकच हरकत, एकच मुद्दा. बरं, मग तिचं लिही. मुलीचं… अगं हो, माझं सुटतंच त्यात. हरकत कुठलीही असो, नकाशा परत जातोच. तिचंच लिही… काय?… ती नको म्हणते?… माझं लिही म्हणते? का?…”

सेक्रेटरी ऐकत गेली. ऐकता ऐकता तिनं एकदा मान हलवली.

“…बरोबर आहे तिचं. तिच्या मुलीचं नाव लागलं आणि टाकी गेली, तर वस्ती त्या पोरीला पाण्याच्या रांगेत उभं राहू देणार नाही… आणि माझं लागलं तर शिव्या मला. हो. माझ्यात तेवढं सोसायचं बळ आहे म्हणते?… बघू. लिही. लिही लवकर… शटर? शटर कसलं ओढतायत, अजून तीन मिनिटं आहेत. हात घाल खाली!… तुझा नको, मावशीचा घाल. तिच्या हातावर कोण ओढेल शटर…”

खोलीत सेक्रेटरी उभी राहिली होती. कधी उठली ते तिला कळलं नव्हतं. दप्तराचा पट्टा तिनं मुठीत आवळला होता.

“झालं?… घेतलं त्यांनी? शिक्का?… वेळ काय टाकलीय?… चार एकोणसाठ… अंगठा स्वच्छ उठलाय ना, पसरला नाही?… देवा. बस आता, बस खाली कुठेतरी… हो, मीही बसते.”

ती पलंगाच्या कडेला टेकली.

“नक्कल आहे ना हातात? वाच. काय लिहिलंस ते वाच मला… तू नाही? ती सांगत होती तसंच उतरवलंस?… वाच मग.”

मग ती एकेक वाक्य ऐकून आपल्याशीच म्हणत गेली, सेक्रेटरीला ठराव वाचायची सवय असते तशी.

“‘सेहेचाळीस आणि सत्तेचाळीसच्या मधली जागा मोकळी नाही’… हं… ‘तिथे आमची सेक्रेटरी राहते’… ‘नवरा, दोन पोरं आणि मशीन’… ‘मी रोज हातगाडी घेऊन तिच्या दारावरून जाते, दिवसा दार बंद मी कधी बघितलं नाही’… ‘बाई कडक आहे पण’… पण काय?… जागा संपली? फॉर्मची जागा संपली?”

इथे तिला रडू फुटलं.

“नाही, काही नाही… नाही गं, रडत नाहीये… रडतेय, बरं? रडतेय मी. एकशे बारा घरांत जाऊन विचारलं, कोण राहतं, किती राहतात, आणि माझ्या घरी कोण राहतं ते त्या बाईनं सांगितलं, जिला मी पाच तास बसवून ठेवलं… तीन तास. तीनच. तरी… ऐक ना, तिला एकटी सोडू नको, बसमध्ये बसवून दे. खिडकीजवळची जागा बघून… काय म्हणू? काही नको म्हणू. मी म्हणेन. मी जाणार आहे तिच्या घरी, तिच्या मुलीला भेटायला. आज नाही, उद्या सकाळी. वही घेऊन.”

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीतून पावलं धावली, डबे आणि हंडे एकमेकांवर आपटले, आणि रोजच्यासारखी नंबरावरून पहिली बोलाचाली सुरू झाली.

“ठेवते मी. टँकर आला… हो, आत्ताच. आत्ता नाही सांगितलं तर रात्रभर मी कारणं शोधत बसेन आणि सकाळपर्यंत एखादं चांगलं सापडेल… बोलतील तर बोलतील… मारणार नाहीत गं, हातात भरलेले हंडे असतात… नाही, नवरा आल्यावर नाही. वस्तीची गोष्ट आहे, वस्तीला सांगायची. सगळ्या एकत्र पाण्यालाच सापडतात… हो, जेवेन. तूही जेव. ठेव… ठेव ना आता.”

तिनं फोन मशीनवर ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली. टँकरपासून दिव्याच्या खांबापर्यंत रांग गेली होती, साठ-सत्तर बाया असतील. तिला पाहून पुढच्या दोघीतिघींनी सरकून जागा केली, कारण सात दिवसांत तिनं सगळ्यांना टाकीची तारीख सांगून ठेवली होती. पहिल्या बाईनं विचारलं, “सेक्रेटरी, तुमचा हंडा कुठाय?”

“पाण्याला नाही आले,” सेक्रेटरी म्हणाली, आणि मग मागच्या बायांनाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. “टाकी या वर्षी होत नाही. मी थांबवली. जिथे बसवायची ठरली, तिथे माझं घर आहे.”